टक्क्याच्या चिन्हाला घाबरणाऱ्यांसाठी

कॉम्प्युटर शिकणाऱ्या पोरांमध्ये एक वाद कधीच शिळा होत नाही. स्वतःची छोटीशी ऑपरेटिंग सिस्टिम लिहायची तर असेंब्ली कुठली वापरायची? इंटेल पद्धतीची की एटी अँड टी पद्धतीची? आणि अवजार कुठलं घ्यायचं, नॅझम, मॅझम, फॅझम की ग्नू प्रकल्पाचं गॅस? चहा संपेपर्यंत वाद चालतो आणि बहुतेक वेळा एकाच वाक्यावर मिटतो : ‘इंटेलच घे रे, ते एटी अँड टी वाचवत नाही.’

मला हे वाक्य मान्य नाही. ऑपरेटिंग सिस्टिमचा कोड लिहायचा असेल तर गॅस शिका आणि त्यातली ती टक्के-डॉलरवाली एटी अँड टी पद्धत वाचायला शिका, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे. डोळ्यांना काय बरं वाटतं यावर अवजार ठरवणं ही चैन आहे. पुण्यामुंबईत वाढलेल्या, ओळखीत चार सीनिअर असलेल्या पोराला ती कदाचित परवडेल. नगर-सोलापूर रस्त्यावरच्या आमच्या मिरजगावातून बॅग घेऊन निघालेल्या पोराला परवडत नाही. त्याच्याकडे एक मोबाइल असतो, एखादा जुना लॅपटॉप असतो आणि कॉलेजने दिलेली प्रॅक्टिकलची यादी असते. त्या यादीने चुकीच्या वाटेला लावलं तर ‘अरे, परत फिर’ म्हणणारं जवळ कुणी नसतं.

भांडण नेमकं कशावरून आहे?

प्रोसेसरला फक्त आकडे कळतात. त्या आकड्यांना माणसाने दिलेली छोटी नावं म्हणजे असेंब्ली भाषा आणि त्या नावांचे पुन्हा आकडे करणारा प्रोग्रॅम म्हणजे असेंब्लर. ‘ईएएक्स’ नावाच्या रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या एका खणात, ५ हा आकडा ठेवायचाय असं धरा.

इंटेल पद्धत म्हणते :
मूव्ह ईएएक्स, ५

एटी अँड टी पद्धत म्हणते :
मूव्हएल $५, %ईएएक्स

दोन्हींतून निघणारे बाइट तेच. पाच बाइट, त्यात काडीचा फरक नाही. प्रोसेसरला तुम्ही कुठल्या पंथाचे हे कधीच कळत नाही.

फरक माणसासाठी आहे. इंटेल पद्धतीत आधी ‘कुठे’ आणि मग ‘काय’ येतं. एटी अँड टीमध्ये आधी ‘काय’, मग ‘कुठे’. रजिस्टरच्या आधी टक्क्याचं चिन्ह, थेट आकड्याच्या आधी डॉलरचं चिन्ह आणि किती बाइट हलवायचे ते सांगायला क्रियापदाच्या शेपटीला एक अक्षर. इंटेल पद्धत इंटेलच्या पुस्तकांतून आली. एटी अँड टी पद्धत युनिक्सच्या घरातून आली. युनिक्स एटी अँड टीच्या बेल लॅब्जमध्ये जन्मली, तिथल्या पीडीपी-११ या मशीनच्या असेंब्लीत ‘काय’ आधी आणि ‘कुठे’ नंतर असा क्रम होता आणि तोच पुढे चालू राहिला.

‘एटी अँड टी उलटी आहे’ ही तक्रार मराठी पोरांच्या तोंडून ऐकली की गंमत वाटते. आपण घरात काय म्हणतो? ‘डबा फळीवर ठेव.’ आधी डबा, मग फळी. ‘ठेव फळीवर डबा’ असं आपण कवितेतच बोलतो. म्हणजे ज्या क्रमात आपण रोज बोलतो, तोच क्रम स्क्रीनवर दिसला की तो उलटा. हा सवयीचा खेळ आहे आणि सवय आठ दिवसांत बदलते.

दुसरी गोष्ट : ‘इंटेल पद्धत’ नावाची एकच एक गोष्ट अस्तित्वातच नाही. टॅझम किंवा मॅझममध्ये ‘मूव्ह एएक्स, काउंट’ लिहिलं की काउंट या व्हेरिएबलमधली किंमत येते. हीच ओळ नॅझममध्ये लिहिली की काउंटचा पत्ता येतो. किंमत हवी असेल तर चौकोनी कंस घालावे लागतात. डिप्लोमाला टॅझम शिकून डिग्रीला नॅझमवर आलेला मुलगा इथे हमखास आपटतो, कारण ओळ तीच असते, पंथही तोच, अर्थ मात्र वेगळा. एटी अँड टीमध्ये डॉलर लावला तर पत्ता, नाही लावला तर त्या पत्त्यावरची किंमत. ज्या चिन्हाला पोरं नाक मुरडतात, ते चिन्ह शंका ठेवत नाही.

डॉस कधीच गेला, प्रॅक्टिकल राहिलं

आता अभ्यासक्रमाकडे वळू, कारण पोरांची मतं तिथेच घडतात.

डिप्लोमाच्या मायक्रोप्रोसेसर विषयात वर्षानुवर्षं ८०८६ शिकवला जातो. हा प्रोसेसर १९७८ चा. जुना आहे म्हणून तो शिकवू नये असं मी म्हणणार नाही. छोटा प्रोसेसर समजायला सोपा असतो. पण त्याचे प्रोग्रॅम चालवायला टॅझम लागतं, ते चालवायला डॉसबॉक्स लागतो आणि प्रत्येक प्रोग्रॅमच्या शेवटी येतं ‘इंट २१एच’. अक्षर छापायचंय? इंट २१एच. की वाचायचीय? इंट २१एच. प्रोग्रॅम संपवायचाय? तेच.

हे इंट २१एच काय आहे, हे ओरलला किती जण सांगू शकतील? ती प्रोसेसरची शक्ती नाही. ती डॉस या ऑपरेटिंग सिस्टिमला घातलेली हाक आहे. पोरगं समजतं आपण प्रोसेसरशी बोलतोय, प्रत्यक्षात ते डॉसच्या खिडकीवर अर्ज देत असतं. मग तेच पोरगं स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम लिहायला बसतं, इंट २१एच टाकतं आणि काहीच होत नाही. होणार कसं? हाकेला ओ देणारा डॉस तिथे नाही. आता ओ देणारं तुम्हालाच लिहायचंय. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने या बाबतीत एक पाऊल पुढे टाकलं, हे मान्य केलं पाहिजे. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला मायक्रोप्रोसेसरच्या प्रॅक्टिकलमध्ये ६४-बिट लिनक्सवर नॅझम आलं. डॉसबॉक्स सुटला, खऱ्या सिस्टिमवर काम सुरू झालं. पण त्याच यादीतलं एक प्रॅक्टिकल बघा : प्रोटेक्टेड मोड ओळखा आणि जीडीटीआर, एलडीटीआर, आयडीटीआर, टीआर, एमएसडब्ल्यू या रजिस्टरांतल्या किमती छापा. पोरांच्या जर्नलांत याचंच शीर्षक पुष्कळदा ‘रिअल मोडमधून प्रोटेक्टेड मोडमध्ये जाणे’ असं दिसतं.

हे रजिस्टर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या तिजोरीच्या किल्ल्या. मेमरीचे कुठले भाग कुणाचे, इंटरप्ट आला की कुठे उडी मारायची, हे ज्या तक्त्यांत लिहिलेलं असतं त्यांचे पत्ते तिथे असतात. प्रोटेक्टेड मोडमध्ये जाणं हे काम कर्नल करतं, मशीन सुरू होताना, एकदाच. तुमचा प्रोग्रॅम लिनक्सवर चालू झाला तेव्हा ते कधीच होऊन गेलेलं असतं. म्हणजे प्रॅक्टिकलच्या नावाखाली पोरगं कुठेही ‘जात’ नाही. ते आधीच तिथे असलेल्या मशीनला ‘तू तिथे आहेस का’ असं विचारतं आणि उत्तर जर्नलमध्ये चिकटवतं.

पुढची गोष्ट जास्त बोचरी आहे. साध्या प्रोग्रॅमला कर्नलच्या तक्त्यांचे पत्ते वाचता येणं हा सुरक्षेचा धोका आहे, म्हणून अलीकडच्या इंटेल आणि एएमडी प्रोसेसरांत यूएमआयपी नावाची सोय आली. साध्या प्रोग्रॅमने हे रजिस्टर वाचायला घेतले की प्रोसेसर त्याला अडवतो आणि कर्नलला कळवतो. जुने प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून आजचं लिनक्स अशा वेळी त्या प्रोग्रॅमच्या हातावर खोट्या, ठरावीक किमती ठेवतं. म्हणजे नव्या लॅपटॉपवर हे प्रॅक्टिकल करणारा विद्यार्थी जीडीटीआरच्या नावाने जो आकडा छापतो, तो त्याच्या मशीनचा नसतोच. कर्नलने समजूत काढायला दिलेला खाऊ असतो. त्यावर सही होते, टर्मवर्कचे मार्क मिळतात.

नॅझम इथे दोषी नाही. पण अवजार आणि काम यांची ताटातूट झाली की काय होतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. पोरं सिंटॅक्सवर भांडतात, आणि ज्या कामासाठी तो सिंटॅक्स लागतो ते काम त्यांना कुणी करूच देत नाही.

कर्नलमध्ये असेंब्ली असते किती?

पाना नटावरून ठरतो, मुठीवरून नाही. हे कुठलाही ट्रॅक्टर मेकॅनिक सांगेल. तर आपला नट कसा आहे ते पाहू.

ऑपरेटिंग सिस्टिमचा बहुतेक सगळा कोड सी भाषेत असतो. असेंब्ली लागते ती सीला जे जमत नाही तिथे : मशीन सुरू होतानाचे पहिले काही क्षण, इंटरप्ट आल्यावर आत शिरायचा दरवाजा, आणि एका प्रोग्रॅमवरून दुसऱ्यावर उडी.

ही उडी म्हणजे कॉन्टेक्स्ट स्विच. एमआयटी विद्यापीठात शिकवायला केलेल्या एक्सव्ही६ या छोट्या सिस्टिममध्ये ती बघायला मिळते. जुन्या एक्स८६ आवृत्तीत ही फाइल जेमतेम तीस ओळींची आहे. चार रजिस्टर स्टॅकवर ठेवायचे, स्टॅकचा पत्ता बदलायचा, नव्या स्टॅकवरून चार रजिस्टर उचलायचे आणि परत जायचं. परत जाताना आपण दुसऱ्याच प्रोग्रॅममध्ये निघतो. एकाच प्रोसेसरवर वीस गोष्टी ‘एकाच वेळी’ चालल्याचा जो भास आपल्याला होतो, त्याचं मूळ या काही ओळींत आहे. ज्याला त्या कळल्या, त्याला निम्मा विषय कळला.

या ओळी एकट्या नसतात. त्यांना बोलावणारं सीचं फंक्शन असतं. चारच रजिस्टर का, तर बाकीचे सांभाळायची जबाबदारी सी कंपायलरच्या नियमांनी बोलावणाऱ्यावर टाकलेली असते. म्हणजे कर्नलमधली असेंब्ली सतत सीशी बोलत असते. मग अवजार असं हवं की जे सीच्या घरातलंच आहे.

गॅस तसं आहे. त्याच्या फाइली सीच्याच प्रीप्रोसेसरमधून जातात, त्यामुळे सीची हेडर फाइल असेंब्लीतही वापरता येते. कर्नलचा पत्ता किंवा स्टॅकचा आकार एका ठिकाणी लिहिला की दोन्हीकडे तोच. नॅझम सीची हेडर फाइल वाचत नाही. तिथे तेच आकडे दुसऱ्यांदा लिहावे लागतात, आणि एके दिवशी एक आकडा बदलून दुसरा तसाच राहिला की मशीन नुसतं रीस्टार्ट होत बसतं. एरर मेसेज नाही, काही नाही. तुम्ही रात्रभर शोधत बसता.

शिवाय जीसीसी कंपायलर सीतून जी असेंब्ली काढून दाखवतो ती मुळात एटी अँड टी. सीच्या मधोमध लिहायची इनलाइन असेंब्ली, तीही एटी अँड टी. ऑब्जडंप आणि जीडीबी एक्स८६ वर आधी तीच दाखवतात. लिनक्सची, एक्सव्ही६ ची एक्स८६ असेंब्ली त्याच पद्धतीत आहे. एका सूचनेने हे सगळं इंटेल पद्धतीत वळवता येतं, खरं आहे. पण कंपायलरला ती सूचना दिली की दुसऱ्यांच्या हेडरमधली इनलाइन असेंब्ली मोडायला लागते, आणि ज्यांचा कोड वाचून तुम्ही शिकणार, ते तुमच्यासाठी आपला कोड बदलून देणार नाहीत.

पवईचा ‘अजित’ काय सांगतो

गॅसच्या बाजूने सगळ्यात मोठा मुद्दा मात्र एक्स८६ च्या बाहेरचा आहे, आणि तो अमेरिकेत शोधायची गरज नाही. २०१९ मध्ये आयआयटी मुंबईने ‘अजित’ नावाचा प्रोसेसर पुढे आणला. त्याची भाषा स्पार्क व्ही८. स्पार्कच्या असेंब्लीत रजिस्टरच्या आधी टक्क्याचं चिन्ह येतं आणि उत्तर जिथे ठेवायचं ते रजिस्टर सगळ्यात शेवटी लिहितात. म्हणजे पवईत घडलेल्या प्रोसेसरची लिखावट ‘वाचवत नाही’ म्हणून हिणवलेल्या पद्धतीसारखी आहे!

आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ आणि सी-डॅकचा ‘वेगा’ रिस्क-फाइव्ह भाषा बोलतात. केंद्र सरकारने एप्रिल २०२२ मध्ये रिस्क-फाइव्हसाठी डीआयआर-व्ही हा कार्यक्रमच जाहीर केला. तिथे क्रम पुन्हा वेगळा, आधी ‘कुठे’, मग ‘काय’. आणि हा लेख तुम्ही ज्या मोबाइलवर वाचताय, त्यात बहुतेक करून आर्म प्रोसेसर आहे. तोही आधी ‘कुठे’ लिहिणारा.

नॅझम यातल्या एकाही प्रोसेसरवर चालत नाही, ते फक्त एक्स८६ साठी आहे. गॅस या सगळ्यांवर चालतं. एलएलव्हीएमचा क्लँग कंपायलरही गॅसच्याच धाटणीची असेंब्ली समजतो. एकदा त्याच्या सूचना, सेक्शन, लेबलं, लिंकरशी बोलायची रीत हाताला बसली की प्रोसेसर बदलला तरी अवजार तेच राहतं. क्रमावरून आयुष्यभराची निष्ठा वाहणाऱ्याला प्रत्येक वेळी नव्याने रडावं लागतं.

समोरच्याचं खरं तेवढं खरं

नॅझमवाल्यांचे काही मुद्दे खरेच आहेत. १९९६ मध्ये सायमन टॅथम आणि ज्युलियन हॉल यांनी सुरू केलेलं हे अवजार नीटनेटकं आहे. त्याचे मॅक्रो गॅसपेक्षा चांगले. ५१२ बाइटचा बूट सेक्टर एका आज्ञेत, लिंकरशिवाय तयार होतो. इंटेलची अधिकृत पुस्तकं इंटेल पद्धतीत असल्याने पुस्तक आणि कोड जुळतात. एटी अँड टीमध्ये पत्त्याचं गणित लिहायची कंस-स्वल्पविरामवाली रीत कुरूप आहे, तेही कबूल. इतकंच काय, या पद्धतीत फ्लोटिंग पॉइंटच्या वजाबाकी-भागाकाराच्या काही सूचनांमध्ये जुन्या असेंब्लरांची उलटापालट इतकी मुरली आहे की ती आता दुरुस्तही करता येत नाही.

तरी निर्णय बदलत नाही. एका रविवारी नॅझममध्ये बूट सेक्टर लिहून स्क्रीनवर ‘नमस्कार’ उमटवा, मजा येईल. पण तो सेक्टर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम नव्हे, उंबरठा आहे. सोमवारी सीचा कर्नल लिहायला घ्याल तेव्हा गॅसकडे यावंच लागेल. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये दोन असेंब्लर वापरले होते : सुरुवातीच्या १६-बिट कोडला एएस८६ आणि पुढच्या ३२-बिट कोडला गॅस. कारण तेव्हा गॅसला १६-बिट कोड जमत नव्हता. पुढे जमायला लागल्यावर तोही गॅसमध्ये आणला गेला. दोन अवजारं ही अडचण होती, तिचं कुणी तत्त्वज्ञान केलं नाही.

दप्तर मोडीत आहे

मराठी माणसाला हा प्रश्न नवा वाटू नये. आपली एकच भाषा दोन लिप्यांत लिहिली जात होती, बालबोध आणि मोडी. छपाईला, शाळेला बालबोध सोयीची ठरली आणि विसाव्या शतकाच्या मध्यावर मोडी व्यवहारातून गेली. ‘वाचवत नाही’ हीच मोडीबद्दलची तक्रार होती. पण २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायची मोहीम निघाली, तेव्हा गावोगावच्या जुन्या दप्तरांपुढे घोडं अडलं आणि मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. घरातले कागद घरातल्याच माणसाला वाचता येईनात.

एटी अँड टी ही कर्नलच्या दप्तराची लिपी आहे. तुम्ही स्वतःच्या वहीत बालबोधीत लिहा, कुणी अडवत नाही. पण दप्तर वाचता येत नसेल तर तुम्ही कायम दुसऱ्याने करून दिलेल्या लिप्यंतरावर जगाल. फरक एवढाच की मोडी शिकायला महिने लागतात आणि ही लिपी एका आठवड्यात येते.

सुरुवात मोबाइलवरच होते. टर्मक्स टाका, त्यात क्लँग घ्या, सीचं चार ओळींचं फंक्शन लिहा आणि कंपायलरला त्याची असेंब्ली दाखवायला सांगा. तुमच्या हातातल्या प्रोसेसरची भाषा समोर येईल, डॉसबॉक्सशिवाय. मग मित्राच्या जुन्या लॅपटॉपवर एक्सव्ही६ ची रिस्क-फाइव्ह आवृत्ती क्यूईएमयूमध्ये चालवा. तिला १२८ एमबी मेमरी पुरते. तिथल्या कॉन्टेक्स्ट स्विचमध्ये १४ रजिस्टर ठेवले आणि उचलले जातात. त्यातला एक मुद्दाम गाळा आणि काय मोडतं ते बघा. या सगळ्याला एक रुपया लागत नाही.

आणि जे प्रॅक्टिकलची यादी ठरवतात त्यांच्याकडे मागणी एकच. पूर्ण अभ्यासक्रम पाडून बांधा असं कुणी म्हणत नाही. खोटे आकडे छापणारं ते एक प्रॅक्टिकल काढा आणि त्या जागी कॉन्टेक्स्ट स्विच ठेवा. एक रजिस्टर गाळून सिस्टिम कशी कोसळते ते ओरलला विचारा. त्याचं उत्तर जर्नलमधून उतरवता येत नाही. ते देणारा पोरगा मिरजगावचा आहे की कोथरूडचा, यानेही मग काही फरक पडणार नाही.